ताळेबंदरावांची नवी आवृत्ती

ताळेबंदराव हे नाव त्यांना फिटर लोकांनी ठेवलं, आणि त्यामागे एक फुटलेली पाइपलाइन होती.

ते पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात स्टोअरकीपर होते तेव्हाची गोष्ट. भर बाजारात मोठी लाइन फुटली, दुकानांत गुडघाभर पाणी शिरलं, आणि एक फिटर चिंब भिजून सायकल हाणत भांडारात आला. "साहेब, एक जॉइंट द्या, लवकर." साहेबांनी त्याची मागणी-चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत केली. वरच्या साहेबाची सही नव्हती. फिटर हातापाया पडला. जॉइंट समोरच्याच फळीवर होता, हात लांब केला की येईल असा. पण हात काही लांब झाला नाही. सही आली, जॉइंट गेला, तोवर चपलांच्या दुकानातला माल पोहत पोहत चौकापर्यंत पोचला होता.

दुसरा कोणी असता तर ही गोष्ट पोटात ठेवून मेला असता. हे गृहस्थ ती घरी आलेल्या पाहुण्यांना सांगत. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणत, "बाजार बुडाला, पण स्टॉक जुळला."

पाहुणे चहा संपवून उठत.

घरातही तोच कायदा. घरात कॉम्प्युटर आला त्या आठवड्यात त्यांनी घरखर्चाचं सॉफ्टवेअर आणलं आणि त्यात सगळ्या घराची खाती पाडली. विजेचं खातं, दुधाचं खातं, औषधाचं खातं. बायकोचं, म्हणजे वहिनींचंही एक खातं पाडलं आणि त्याला नाव दिलं 'घर'. महिन्याच्या सुरुवातीला ते वहिनींच्या हातावर घरखर्चाचे पैसे ठेवत आणि कॉम्प्युटरवर लिहीत, 'घर यांस उचल'. भांडारात मजुराला आगाऊ पैसे दिले की त्याला उचल म्हणत, तीच ही. लग्नाची बायको, पण वहीत ती रोजंदारीवरचा गडी.

महिनाअखेरीला संध्याकाळी ते टेबलाशेजारी एक स्टूल ओढून ठेवत. वहिनींनी त्या स्टुलावर बसायचं आणि तोंडी हिशेब द्यायचा.

"साबण," वहिनी सांगत.

"दिला की मागच्या ओळीत."

"तो कपड्याचा. हा अंगाचा."

"अंगाला एवढा लागतो?"

सगळा हिशेब सांगून झाला की ताळेबंदराव त्या उचलीसमोर शेऱ्याच्या रकान्यात टाइप करत, 'मिटले'. मग खुर्ची मागे ढकलून म्हणत, "जा आता."

खरं तर उचल मिटवायची त्या सॉफ्टवेअरची वेगळी रीत होती. सोबत आलेल्या पुस्तिकेत ती चित्रांसकट दिलेली होती. पण आयुष्यभर दुसऱ्यांना नियम वाचायला लावणाऱ्या या माणसाने स्वतः ती पुस्तिका कधी उघडली नाही. शेऱ्यात 'मिटले' लिहिलं की मिटलं. अशी वर्षानुवर्षं गेली.

मध्यंतरी वहिनींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डावा तर लहानपणापासूनच अधू. जो काही उजेड होता तो उजव्याचाच. देवापुढे दिवा लावला की एका वातीच्या जागी त्यांना ज्योतींचा अख्खा घोळका दिसे. त्या हात जोडून म्हणत, "देवा, एवढे दिवे मी लावले नाहीत रे. एकच लावलाय, तो दाखव."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आता थांबू नका. दगड झाला की काढताना डोळ्यालाच धोका." तारीख ठरली. पैशांचा प्रश्न नव्हता. ताळेबंदरावांनी 'डोळा' नावाच्या खात्यावर पैसे बाजूला काढलेले होते, आणि खरे पैसे बँकेत होते.

नेमकी त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवर एक निळी चौकट आली. 'आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार आहे. अधिक सोपी, अधिक सुंदर, आता मोबाइलवरही.' खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, जुन्या हिशेबाची प्रत आधी काढून ठेवावी. छापील मजकूर दिसला की ताळेबंदराव सहसा उठून उभे राहतील असे. पण नव्याचा मोह मोठा. त्यांनी 'होय' दाबलं, परत 'होय' दाबलं, आणि चहा मागितला.

चहा येईपर्यंत घराचा इतिहास पुसला गेला होता.

त्यांच्या सरळ काळ्या ओळींच्या जागी लहान मुलांच्या भिंगरीसारखं एक रंगीत चक्र फिरत होतं. 'डोळा' हे खातं 'वैद्यकीय व इतर' नावाच्या पोत्यात गेलं होतं आणि त्यापुढे शून्य होतं. शेऱ्याचा रकानाच नव्या आवृत्तीत नव्हता, त्यामुळे सगळी 'मिटले' हवेत विरली. उचली मात्र एकूण एक शिल्लक राहिल्या. लाल चौकटीत मोठ्या अक्षरात आलं होतं, 'येणे बाकी : घर'. पुढचा आकडा एवढा लांबलचक, की चौकटीत न मावून त्याच्या शेपटीला टिंबं लागली होती.

शहाण्या माणसाने कपाळाला हात लावला असता. ताळेबंदरावांनी बायकोला हाक मारली.

"अगं, इकडे ये. तुझ्याकडे येणं निघतंय."

"माझ्याकडे? कसलं?"

"उचलीचं. पहिल्यापासूनचं."

"अहो, ते दर महिन्याला मिटवत होतो ना आपण? मी काय त्या स्टुलावर हवा खायला बसत होते?"

"मिटवत होतो. पण हे म्हणतंय, मिटलं नाही."

"मग ते चुकतंय."

"एवढी मोठी कंपनी चुकते, आणि तू बरोबर?"

वहिनींनी पदराने डोळा टिपला. रडून नव्हे, त्याला हल्ली पाणीच येई. "बरं, चुकत नसेल. माझ्या ऑपरेशनचे पैसे तरी बँकेत आहेत ना?"

"बँकेत आहेत," ताळेबंदराव म्हणाले, "हिशेबात नाहीत."

आणि हे वाक्य त्यांनी विनोदाने म्हटलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी डोळ्यांच्या हॉस्पिटलात फोन करून तारीख रद्द केली. कारण दिलं, "घरगुती ताळमेळ चालू आहे." समोरच्या बाईला वाटलं, घरात कोणी वारलं असावं. तिने हळहळ व्यक्त केली.

मग ताळमेळ सुरू झाला. रोज चहा झाला की स्टूल ओढलं जाई आणि वहिनींनी जुन्या महिन्यांचे हिशेब आठवून सांगायचे. कुठल्या वर्षी मीठ किती आणलं, धाकट्या लेकीच्या गणवेशाची शिलाई किती दिली. धाकटीला आता स्वतःची मुलं होती. वहिनी सांगत, सांगता सांगता चुकत, आणि चुकल्या की ताळेबंदराव विजयाने म्हणत, "बघ! म्हणून येणं निघतंय."

उरलेला वेळ ते कंपनीच्या संकेतस्थळावर घालवत. तिथे 'ग्राहकांचे अनुभव' म्हणून एक पान होतं, आणि त्या पानावर त्यांना त्यांची खरी जात सापडली. 'जुनंच बरं', 'त्रस्त पेन्शनर', 'न्याय हवा' अशा टोपणनावांनी जगभरचे ताळेबंदराव तिथे गळ्यात गळे घालून रडत होते. कोणाचं दुधाचं खातं करमणुकीत गेलं होतं, कोणाला सासरा दोनदा दिसत होता. यांनीही लांबच लांब अनुभव लिहिला, त्याला परिच्छेद पाडले, क्रमांक घातले. लोकांनी पसंतीचे अंगठे दिले. नोकरीत ज्याला कोणी कधी नमस्कार केला नाही तो माणूस अंगठे मोजत बसला. एका बाईने तेवढं खाली लिहिलं, 'काका, बँकेचं पासबुक बघा आणि गप्प झोपा.' ताळेबंदरावांनी तिची तक्रार केली. कारण : विषयांतर.

शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात बोलली.

"सर, शेऱ्यातला मजकूर नव्या आवृत्तीत येत नाही."

"मग माझं इतक्या वर्षांचं मिटलेलं गेलं कुठे?"

"सर, मला इथे तुमचं एक येणं दिसतंय. 'घर' म्हणून कोणी पार्टी आहेत. त्यांना वसुलीची आठवण पाठवून देऊ का? नवी सोय आहे, सर. मोफत."

मोफत हा शब्द ऐकला की ताळेबंदरावांचा विवेक झोपतो. "पाठवा," ते म्हणाले, आणि बायकोचा नंबर दिला.

वहिनींचा फोन वाजला तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या. अक्षरं दिसेनात. नवऱ्याला वाचायला सांगावं तर तो कॉम्प्युटरपुढे ध्यान लावून बसलेला. धाकटीचा निरोप असेल, म्हणून त्या भिंतीला हात लावत लावत पलीकडच्या गल्लीत नणंदेकडे गेल्या. पायऱ्यांशी एक ठेच लागलीच.

नणंद म्हणजे ताळेबंदरावांची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. सगळी नोकरी डॉक्टरांना दबकावण्यात गेली, त्यामुळे भावाचं भय तिला नव्हतं.

"वन्सं, जरा वाचता का? धाकटीचा असेल."

नणंदेने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "प्रिय घर, आपल्याकडील थकबाकी त्वरित भरावी. आपण ती आधीच भरली असल्यास या संदेशाकडे दुर्लक्ष करावे." तिने चष्मा काढला. "वहिनी, हे काय आहे?"

वहिनींनी सगळं सांगितलं. आवाज कुठेही न चढवता, जणू दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगावं तसं. शेवटी तारीख रद्द केल्याचं सांगितलं आणि म्हणाल्या, "मला एवढंच वाटतं वन्सं, देवापुढची वात एकदा एकटी दिसावी. मग काय यायचं ते येऊ दे."

"तुझं नाव आहे ना बँकेतल्या खात्यावर?"

"आहे. कुठल्याशा अर्जात दुसरं नाव लागत होतं म्हणून घातलंय यांनी. दोघांपैकी कोणाचीही सही चालते. पण मी कधी केली नाही."

"का?"

वहिनींना हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत गेल्या. चेकबुक कपाटात, पांघरुणांखाली, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी होतं. नणंदेने चेकवर बोट ठेवलं, "इथे," आणि वहिनींनी बोटाच्या काठाने सही केली. ती थोडी वर चढली. कारकून जुन्या सहीशी ताडून पाहत म्हणाला, "जरा हललीये."

"डोळा पिकलाय तिचा," नणंद म्हणाली. "हात शाबूत आहे. टाका शिक्का."

त्याने टाकला. तिथून दोघी तशाच हॉस्पिटलात गेल्या, पैसे भरले आणि नवी तारीख घेऊन आल्या.

ताळेबंदरावांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कुठल्या खात्यावर लावायचं हे?"

"दादा," बहीण म्हणाली, "त्या पाण्यात बुडालेल्या बाजाराच्या खात्यावर लाव."

ऑपरेशनच्या दिवशी ते आले. नाही म्हणायला आले. बाकड्यावर वहिनींच्या चष्म्याचं घर दोन्ही हातांत धरून बसले, आणि क्षणभर वाटलं, चला, काहीतरी धरता येतं या माणसाला. वहिनींना बाहेर आणलं तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा, "दुखलं का गं?" त्या नाही म्हणाल्या. त्याच श्वासात ते पुढे म्हणाले, "लेन्सचे वेगळे लावलेत यांनी. बघ, बिलात दोन ओळी केल्यात." आणि बिलाची घडी करून चष्म्याच्या घरात घातली.

पट्टी सुटली त्या संध्याकाळी वहिनींनी देवापुढे दिवा लावला. वात एकच होती, आणि एकच दिसली. त्या बराच वेळ उठल्या नाहीत. काही मागितलं नाही. देवालाही कधीतरी मागण्याशिवाय भेटावं.

मग महिनाअखेर आली. ताळेबंदरावांनी नेहमीप्रमाणे स्टूल ओढून ठेवलं, बोटं मोडली आणि हाक मारली.

वहिनी आल्या, पण बसल्या नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी पडद्याकडे पाहिलं. डोळा पिकल्यापासून ती नुसती एक उजेडाची खिडकी होती; आज तिच्यातली अक्षरं दिसत होती. लाल चौकट अजून तिथेच होती.

"हे 'घर' म्हणजे मी का?"

"ते तांत्रिक आहे गं. काढायला गेलं तर पुढचं सगळं हलतं."

"नका काढू मग. वसूल करा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या त्या वसुलीवाल्या मुलीला सांगा, पार्टी हिशेब देत नाही. सगळ्या पावत्या फडताळातल्या डब्यात आहेत. तुमचे दोन्ही डोळे देवाने चांगले ठेवलेत."

एवढं बोलून त्यांनी स्टूल उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. वरच्या फळीवरची जळमटं त्यांना आजच दिसली होती, आणि हात पुरत नव्हता.

ताळेबंदराव टेबलाशी बसून राहिले. आतून झाडूचा आवाज येत होता, मध्येच वहिनी स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांनी एकदा हाक मारून पाहिली. आतून ओ आली, वहिनी आल्या नाहीत. तेव्हा त्यांनी ग्राहकांच्या अनुभवांचं पान उघडलं आणि लिहिलं, 'खातेदार माहिती देण्यास नकार देत आहे. पुन्हा जुन्या आवृत्तीत कसे जावे?'

तीन अंगठे आले. मग त्या विषयांतरवाल्या बाईचं उत्तर आलं, 'काका, आता नाही जाता येत.'