आत्याचा नेम आणि चाळीस पानांचा अध्याय

स्पष्टच लिहितो. चातुर्मासात बायकांनी काय काय सोडायचे याच्या याद्या ज्यांनी केल्या, त्यांनी स्वतः काही सोडल्याचे मी पाहिलेले नाही. माझ्या आत्याने मात्र सगळे सोडून पाहिले होते. एक वर्ष मीठ, एक वर्ष ताक, आणि एक वर्ष तर पानच सोडले. चार महिने ती सारवलेल्या जमिनीवर भात घेऊन जेवली. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य, आणि तेव्हापासून एकवेळचे जेवण. तिच्याजवळ सोडण्यासारखे उरले तरी काय होते?

हे चार वर्षांपूर्वीचे. मी एकवीस वर्षांचा होतो, रत्नागिरीत हस्तपत्रके लिहीत आणि वाटीत होतो, आणि जगात असा एकही अन्याय नाही की ज्याला दोन पानांत उत्तर देता येणार नाही, असे मानीत होतो. आई लहानपणीच गेलेली, वडील मुंबईला पेढीवर. घरात मी आणि आत्या, दोघेच.

त्या आषाढात मी तिला बजावले की यंदा काही सोडायचे नाही, यंदा काहीतरी धरायचे. रोज वाचन. ती वाचू शकत नव्हती. तिला अक्षर शिकवावे असे कोणाला वाटले नाही, आणि मी शिकवू म्हटले तेव्हा ती म्हणाली की आता डोळे गेले. तेव्हा वाचायचे मी आणि ऐकायचे तिने असे ठरले. देवळात पुराण ऐकायला ती जात असे, पण आदल्या वर्षी तिने मध्येच एक प्रश्न विचारला, त्यावर पुराणिकबुवांनी बायकांनी नुसते ऐकावे असे सुनावले. ते माझ्या डोक्यात होतेच.

प्रश्न एवढाच होता की वाचायचे काय. एका हातात घरातली संतचरित्राची पोथी आणि दुसऱ्या हातात मी जुन्या बाजारातून आणलेला आरमाराचा इतिहास, असा मी तिच्यापुढे बसलो. इतिहासाच्या बाजूने मी अर्धा तास व्याख्यान दिले. ती वाती वळीत होती. मग तिने दोहोंतले एकेक पान वाचायला लावले आणि म्हणाली, "पोथीत शेवटी काय होतं ते मला ठाऊक आहे. ह्यात काय होतं ते ठाऊक नाही. हे वाच."

माझा आनंद गगनात मावेना. एका विधवेने पोथी बाजूला ठेवून इतिहास उचलला! त्यावर एक पत्रक लिहायचे मी तिथल्या तिथे ठरवून टाकले. त्या भरात मी घराबाहेर पडलो, आणि मागे काय घडले ते मला दुसऱ्या दिवशी कळले. एकादशीला तिने देवापुढे हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला होता: या ग्रंथाचा एक अध्याय रोज कानांवर पडल्याशिवाय अन्न घेणार नाही.

पोथीचा अध्याय अर्ध्या तासात संपतो. माझ्या इतिहासाचा एकेक अध्याय चाळीस पानांचा होता. ग्रंथ चौरंगावर गेला, त्याला धूतवस्त्र आले, वर तुळशीचे पान आले, आणि आंघोळीशिवाय त्याला शिवायचे नाही असा मलाच हुकूम झाला. प्रस्तावना वगळू म्हटले तर ती म्हणाली, नमन कोणी वगळतं काय? ग्रंथकर्त्याने ज्या ज्या सद्गृहस्थांचे आभार मानले होते त्या सगळ्यांना तिने हात जोडले. पानाखालच्या टिपाही तिने वाचून घेतल्या. बारा वाजायला आले की माझा घसा बसलेला आणि तिच्या पोटात अन्नाचा कण नाही. पण डोळे असे लकाकत असत की मला रागावताही येईना.

पुढची अडचण अशी की ग्रंथाचे अध्याय चौदाच आणि महिने चार. पंधराव्या दिवशी मी पुस्तक मिटले, तर तिने ते उघडून पुन्हा माझ्यापुढे ठेवले. आता दुसरे पारायण. मी हबकलो. मग सरळ कबूल करतो, मी चोरी करू लागलो. तहाच्या प्रकरणात दोन कलमे गाळली. ती मान हलवीत ऐकत होती. अध्याय संपला तरी उठेना.

"सात कलमं होती, मेल्या. तू पाच वाचलीस."

मी निमूटपणे उरलेली दोन वाचली. त्यानंतर ती जेवायला उठली.

शेजारपाजारी हसत. इतिहासाचे पारायण करणारी बाई म्हणून आमच्या पाखाडीत, साऱ्या आळीत, तिची चेष्टा चाले, आणि तिला ती लागत असे. माझ्यावाचून दुसऱ्या कोणाकडे वाचून दाखवा म्हणून जायचे नाही हे तिने मनाशी ठरवले होते. म्हणजे माझा आवाज हेच तिचे जेवण झाले. बाईला चातुर्मासाच्या जाचातून सोडवायला निघालो, आणि तिच्या पोटाला माझ्या घशाशी बांधून मोकळा झालो. हे पत्रकात लिहायची सोय नव्हती.

चौथे पारायण चालू असताना भाट्याच्या खाडीपलीकडे आमची सभा ठरली. पहाटेच निघालो, बारापर्यंत परत येतो, मग वाचू, असे तिला सांगितले. सभा झाली, मी तावातावाने बोललो, आणि परत तरीपाशी येतो तो खाडी चढलेली, वारा सुटलेला, आणि तांडेलाने होडी वर ओढून घेतलेली. मी त्याला स्त्रियांच्या हालांविषयी बरेच सांगितले. त्याने विडी पेटवली आणि ओहोटी लागेपर्यंत बसा म्हणाला. सूर्यास्तानंतर ती जेवत नसे. म्हणजे कालच्या दुपारपासून उद्याच्या दुपारपर्यंत उपास, आणि तोही माझ्यामुळे. त्या झोपडीत बसून मी स्वतःला जी भाषा वापरली ती कोणत्याही पत्रकात मी कोणाविरुद्ध वापरलेली नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. आत्या ओटीवर होती. मी तिच्या पायांवरच कोसळणार होतो.

"भिजलास. अंग पूस आधी," ती म्हणाली. "मी जेवले."

कसे जेवलीस, कोणी वाचले, असे मी विचारले तर ती हसू दाबीत राहिली. मग हळूहळू सगळे बाहेर आले. बारा वाजले, एक वाजला. एवढ्यात वडिलांचे पत्र घेऊन पोस्टमन आला. हा मूळचा अंजनवेलचा मुसलमान, आमच्या आळीत पत्र टाकणाराही तोच आणि वाचून दाखवणाराही तोच. त्याला वाच म्हणावे तर पुस्तक सोवळ्यात. ते त्याच्या हाती देववेना. पण त्या दिवशीचा अध्याय अंजनवेलच्या किल्ल्याचा, आणि तो तर तिने तीनदा ऐकलेला! तिला एकदम सुचले की संकल्पात कानांवर पडण्याची अट आहे, तोंड कोणाचे याची नाही. तिने त्याला ओटीवर बसवले आणि पहिल्या ओळीपासून अध्याय सांगायला सुरुवात केली. टिपांसकट.

"तो कंटाळला नाही?"

"कंटाळतो कसला. मधेच मला थांबवून म्हणाला, आत्याबाई, पुस्तकवाल्याने दरवाजा चुकीच्या अंगाला लिहिलाय, आमचं घर तिथेच आहे. मग मी तो बदलला."

मी चवताळलो. छापील पुस्तकातला दरवाजा असा कसा बदलता येईल, आधार काय, पुरावा काय! ती शांतपणे म्हणाली, "तुझा ग्रंथकर्ता तिथे राहिलाय काय?"

दुसऱ्या दिवसापासून अध्याय तीच सांगू लागली आणि मी पुस्तक धरून नुसता बसू लागलो. पोस्टमन आमचे घर शेवटी ठेवू लागला, म्हणजे बसायला वेळ मिळे. मग तो खाडीवरच्या एका खलाशाला घेऊन आला, कारण शिडांविषयी आत्याला शंका होत्या. त्या वर्षीचे सातवे पारायण ओटीवर आठ-दहा माणसांपुढे झाले आणि त्यात हसणाऱ्या शेजारणीही होत्या. ती प्रश्न विचारी आणि लोक उत्तरे देत. नुसते ऐका असे तिला कोणी म्हटले नाही.

पुस्तक मात्र तिने पोस्टमनच्या किंवा खलाशाच्या हाती दिले नाही. त्यावरून मी भांडलो, दोन दिवस अबोला धरला, आणि ती हरली नाही हेही लिहिले पाहिजे. कार्तिकी एकादशीला नेम पुरा झाला आणि द्वादशीला समाप्तीचे जेवण झाले. पोस्टमनचे पान ओटीवरच मांडले. मी चिडून माझे पान उचलले आणि त्याच्या शेजारी नेऊन बसलो. आत्या माजघराच्या दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. मग तिने आपला भात घेतला, उंबऱ्याच्या आत, पण आमच्याकडे तोंड करून बसली, आणि पहिला घास घेण्याआधी पोस्टमनला म्हणाली, "तो दरवाजा कुठल्या अंगाला म्हणालास, ते परत सांग. हा लिहून घेईल."