चेहरा शाळेत, मास्क घरी

सुलभा गेली तेव्हा मी अकोल्याला होतो, लेकीकडे. सकाळी मंजिरी गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि मी पेपर चाळत बसलो होतो. शेजारच्या काकूंचा फोन अमरावतीहून आला... मॅडम स्वयंपाकघरात पडल्या, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही बापलेक गाडीने निघालो, मूर्तिजापूर मागे पडलं, बडनेरा आलं. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत गाडी शिरेना, इतक्या टू-व्हीलर लागलेल्या. तिचे विद्यार्थी होते सगळे, लहानमोठे, काही तर केस पिकायला लागलेले. मी उतरून वाट काढत दारापर्यंत गेलो तर एका दाढीवाल्या तरुणाने हात आडवा घातला. "काका, थांबा जरासे. जवळच्या लोकाईले जाऊ द्या आधी." मंजिरी मागून रडतच ओरडली, "अरे, बाबा आहेत ते माझे!" तो बिचारा बाजूला झाला, माझ्या पायाच पडला. पण खरं सांगतो, मला रडू यायच्या आधी राग आला. सुलभाच्या उशाशी एक बाई तिचा हात हातात धरून बसली होती. पायाशी दोघं होते. मला बसायला त्यांनी जागा करून दिली... माझ्या घरात, माझ्या बायकोजवळ.

आता काही आठवडे उलटलेत. लोक भेटायला येतात आणि तिच्याबद्दल बोलतात, मी ऐकून घेतो. ती जन्मभर पहिलीच्या वर्गाला शिकवत आली. वरचा वर्ग मिळत होता, घेतला नाही. लग्नानंतर आम्ही कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलो होतो, नव्याची नवलाई होती, मी तिच्यासाठी बांगड्या घ्यायच्या ठरवून निघालो होतो. तिथे तिच्या वर्गातला एक पोरगा भेटला आणि त्याने तिचं बोट धरलं ते दिवसभर सोडलं नाही. त्याचे आईबाप आपले निवांत फिरत होते. मी मागून पिशवी घेऊन चालत होतो. पुढे सारं आयुष्य तसंच चाललं म्हणा ना. बाजारात भाजी घेताना कोणीतरी पदर ओढायचं, आणि तिचा चेहरा असा काही उजळायचा की भाजीवालीसुद्धा बघत राहायची. घरी यायची तेव्हा तो चेहरा दमलेला असायचा. उरलेला माझ्या वाट्याला, असं मी गमतीने म्हणायचो. ती हसायची. मी मात्र सगळंच गमतीने म्हणत नसे.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत मी सापडलो आणि ऑक्सिजनवर गेलो. घरी परतलो तेव्हा पलंगापासून मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की यांच्या फुप्फुसांत आता दम नाही, पुन्हा झाला तर अवघड आहे. ते महिने, सांगायला विचित्र वाटतं, माझे फार सुखाचे गेले. शाळा बंद होती. ती घरात होती. मोबाइलवर पोरांना कविता म्हणून दाखवायची तेवढं सोडलं, तर ती पूर्ण माझी होती.

शाळा उघडायची ठरली आणि शिक्षकांनी मास्क लावायचा की नाही यावर गावभर चर्चा सुरू झाली. चर्चा कसली, मला तर त्यात बोलण्यासारखं काही वाटत नव्हतं. लावायचाच. मुख्याध्यापकांनीही तेच सांगितलं. सुलभा पहिल्या दिवशी निळा मास्क लावून गेली आणि घरी येऊन खुर्चीत बसून राहिली. "पोट्ट्यायनं माझं तोंडच पाह्यलं नाई अजून," ती म्हणाली. "मास्कमधून प म्हटलं काय अन् फ म्हटलं काय, त्याईले सारखंच. अन् एक पोट्टी आहे, आरोही. कानाले मशीन लावते, पण अर्धं तर ओठ पाहूनच समजते. ती दिवसभर माझ्या मास्ककडे पाहत होती. रडली नाई, बोलली नाई... नुसती पाहत होती."

तिने उपाय केले. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा मधे शिवून मास्क केला, तो श्वासाने धुरकट व्हायचा. तोंडासमोर प्लॅस्टिकची काच बांधून पाहिली, तिच्यावर खिडकीचा उजेड चमकायचा आणि आरोहीला ओठ दिसायचे नाहीत. शेवटी ती मुख्याध्यापकांशी भांडली. वर्गात मास्क राहील, पण अक्षरांचा तास अंगणात, कडुलिंबाखाली घेईन, पोरांपासून लांब उभी राहीन आणि तेवढ्यापुरता मास्क काढीन. त्यांनी कुरकुरत मान्य केलं. एका पालकाने तक्रार केली. मी मनातून पूर्ण त्या पालकाच्या बाजूचा होतो.

"अन् माझं काय?" मी विचारलं. "तिथून घेऊन आली तर?"

"म्हणूनच म्हणते," ती शांतपणे म्हणाली, "घरी मी मास्क लावीन."

मला वाटलं बोलण्याच्या भरात बोलली. पण त्या संध्याकाळपासून तिने खरंच घरात मास्क लावला. समोरच्या खोलीत खाट टाकून झोपायला लागली. माझं ताट वाढून दाराशी ठेवायची आणि स्वतः गॅलरीत जाऊन, पाठ करून जेवायची. बोलायचो आम्ही, भरपूर बोलायचो, पण दोन दारांमधून. कपाळ आणि डोळे एवढीच बायको मला उरली. बाकीची रोज सकाळी रिक्षात बसून शाळेत जायची.

एकदा ती चष्मा विसरून गेली. मी स्कूटर काढली. दम लागत होता, तरी गेलो. शाळेच्या फाटकापाशी पोहोचलो आणि कुंपणाच्या जाळीतून ती मला दिसली. कडुलिंबाखाली उभी, मास्क हनुवटीखाली, तोंड मोठ्ठं उघडून काहीतरी म्हणत होती आणि समोर पोरं अंतर ठेवून बसलेली, तीही तशीच तोंडं उघडत होती. कित्येक दिवसांनी मी तिचा चेहरा पाहत होतो. गाल बसले होते. ओठांभोवती नव्या रेषा आल्या होत्या. त्या कधी आल्या ते मला ठाऊकच नव्हतं, त्या पोरांना ठाऊक होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिने लिपस्टिक लावली होती. जन्मात कधी लावली नव्हती तिने. लग्नातसुद्धा नाही. मी चष्मा शिपायाकडे दिला आणि परत फिरलो.

संध्याकाळी तिने हातपाय धुतले, मास्क बदलला, समोरच्या खोलीत बसली. मी दारातून विचारलं, "लिपस्टिक कोणासाठी लावतेस गं?"

मास्कच्या आत ती खळखळून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "आलते वाटते तुमी शाळेत! अवो, ओठ दुरून दिसले पायजे ना आरोहीले. तुमाले काय त्या पहिलीतल्या पोट्टीचा राग येऊन राहिला काय?"

"येऊन राहिला," मी म्हणालो.

ती हसायची थांबली. मी म्हणालो, "एकदा काढ तो मास्क. तिथूनच काढ. मले पाहू दे."

"नाई."

"काहून नाई?"

"तुमच्या छातीचा आवाज मी रातभर ऐकला आहे, दवाखान्यात. पुन्हा तसं झालं, अन् माझ्यामुळे झालं, तर कोणाले तोंड दाखवू मी?"

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, साथ ओसरली, मग एका सकाळी ती मास्क न लावता चहा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मी इतकं टक लावून पाहिलं की ती लाजली. त्या वयात! आरोहीला तोवर सगळी अक्षरं येत होती. मला काहीही झालं नाही. तिचा हिशेब बरोबर निघाला, तिचा निघायचाच. पण त्या महिन्यांमधला तिचा चेहरा मला मिळाला नाही तो नाहीच. ती निवृत्त झाली तेव्हा वाटलं, आता आरामात वसूल करू...

मागच्या रविवारी दुपारी आरोही तिच्या आईबरोबर आली. उंच झाली आहे, दोन वेण्या घालते. आईने सांगितलं, मॅडम गेल्याचं कळल्यापासून जेवणावर लक्ष नाही, काकांकडे ने म्हणून मागे लागली होती. ती सुलभाच्या खुर्चीत बसली नाही, खाली सतरंजीवर बसली. मी काहीबाही विचारत होतो, शाळा, अभ्यास. ती माझ्या तोंडाकडे बारीक डोळे करून पाहत राहिली आणि म्हणाली, "काका, तुमच्या मिशा लय आहेत. मले समजत नाई तुमी काय म्हणून राहिले." आई ओशाळली. मी आत गेलो, आरशासमोर उभा राहिलो आणि कात्रीने ओठांवरच्या मिशा कापून आलो.

मग आम्ही बोललो. मॅडम काय काय करायच्या, मी विचारलं. तिने तोंडाने सांगितलंच नाही, करून दाखवलं. हे मॅडमचं खोटं रागावणं. हे कोणाचं उत्तर बरोबर आलं तर. हे शेजारच्या वर्गातले सर ओरडल्यावर... भुवई एवढीशी वर, ओठांचा एक कोपरा आत. पोरीने ते सगळे महिने त्या चेहऱ्याशिवाय दुसरं काही वाचलंच नव्हतं, तिला तो पाठ होता. माझ्यासमोर सतरंजीवर सुलभा बसली होती. आणि त्यातले कितीतरी चेहरे मी कधी पाहिले नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ती भुवई माझ्यासाठी कधी वर गेली नव्हती. तरीही मी म्हणत राहिलो, "अजून एक दाखव. अजून एक."

दाखवून दाखवून दमल्यावर तिने मला विचारलं, "अन् घरी? घरी मॅडम कश्या करायच्या?"

तिची नजर माझ्या ओठांवर होती. आता सगळं दिसत होतं तिला. माझ्यापाशी एक चेहरा आहे सुलभाचा. तो वर्गात कुणी पाहिलेला नाही, मंजिरीनेही नाही. इथे तो मी लिहिणार नाही.

"अश्याच," मी म्हणालो. "घरी पण अश्याच."

तिने मान हलवली. तिला खरं वाटलं की नाही, कोण जाणे. पुढच्या रविवारी ती पुन्हा येणार आहे.