पदराला बांधलेली जोडवी

ओव्याच्या धुरीचा वास आला की मेढ्याच्या माहेरातली ती दुपार आठवते. माझी बारा दिवसांची लेक न्हाऊन मांडीवर झोपली होती आणि धुरात सगळं घर तरंगत होतं. आठव्या महिन्यातली गरोदर धाकटी बहीण म्हणाली, "डोकं लय दुखतंय गं." तिची जोडवी सुजलेल्या बोटांत रुतली होती. मी म्हटलं, "आई, जोडवी काढ, हिला दवाखान्यात नेऊ." आई म्हणाली, "सवाष्णीची जोडवी काढत्यात व्हय? पाय सुजत्यातच!" घरातली पहिली पदवीधर मी, म्हटलं, "मग मला शिकवलंस कशाला? ऐक की!" आईनं बाळाचंच तेल चोळून जोडवी उतरवली, पदराला बांधली. बहिणीचा रक्तदाब भलताच वाढला होता, पण दवाखान्यात वेळेत पोचलो. तिथंच भाचा जन्मला, रडला, तेव्हाच आईनं पदराची गाठ सोडली. या वासात मला अजून ती गाठ सुटताना दिसते.