बंदुकांची नावे वाचणारे इमामसाहेब

संस्थानच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, मी प्रथम पाऊल ठेवले ते चित्रकलेचा मास्तर म्हणून. जुन्या लष्करी बंदुका कोणत्या कारखान्यात घडल्या, हे त्यांवरच्या छापांवरून ठरवण्याचे काम दरबारने इमामसाहेब शिकलगार यांच्याकडे सोपवले होते. त्या छापांच्या आकृत्या काढायला त्यांना कुणीतरी हवे होते. समोरच्या बंदुकीवरचा मुकुट पाहून मी लगेच पेन्सिल चालवू लागलो, तेव्हा इमामसाहेबांनी माझा हात हलकेच धरला.

"मास्तर, दमानं. आधी बोट फिरवा, मग पेन्सिल."

त्यांनी चिमूटभर काजळ तेलात कालवून चापावरच्या लोखंडी पट्टीवर चोळले आणि फडक्याने पुसले. पुसट झालेली अक्षरे काळीभोर उठून आली. चापाच्या पट्टीवर मुकुट असेल तर बंदूक बहुधा विलायती सरकारची, सिंह असेल तर जुन्या कंपनी सरकारची. शेजारी कारखानदाराचे नाव. नळीच्या बुडाशी तपासनिसाचा बारीक ठसा. हे सारे ते असे सांगत, की जणू गावातल्या घराण्यांची सोयरीक सांगताहेत. एकाची नळी नि दुसऱ्याचा चाप जोडलेली बंदूक दिसली की म्हणत, "ह्यांचं लगीन नंतर झालंय."

आज त्यांना साठ वर्षे पुरी होत असताना मला सांगायची आहे ती जयवंतरावांच्या रायफलीची हकिकत. जयवंतराव हे करवीर इलाख्यातले मानकरी. त्यांच्या आजोबांनी जपलेली एक लष्करी रायफल त्यांना महाराजांना नजर करायची होती. चापाच्या पट्टीवर विलायतेतल्या एका नामांकित कारखान्याचे नाव होते, आणि त्या नावावर घराण्याचा मोठा अभिमान होता. इमामसाहेबांनी फक्त होय म्हणायचे, की रायफल दरबारात जाणार होती.

इमामसाहेबांनी काजळ लावले आणि ते बराच वेळ पाहत राहिले. मग मला भिंग दिले. कारखान्यात नाव ठशाने एकदम उमटवतात. इथे एकेक रेघ छिन्नीने कोरलेली होती, आणि एक अक्षर चक्क उलटे होते. त्यांनी चाप खोलला. पट्टीच्या आतल्या बाजूला, कुणाला कधी दिसू नये अशा जागी, लहानशी कोयरीची खूण कोरलेली होती. ती पाहताच इमामसाहेबांनी पट्टी खाली ठेवली.

जयवंतराव म्हणाले, "काय झालं, शिकलगार?"

"सरकार, बंदूक खरी हाय. नाव खोटं हाय."

"म्हंजे आमचे आजोबा खोटं बोलले?"

"न्हाय जी. ज्यानं त्यास्नी विकली त्यो खोटं बोलला. आनि बंदूक घडवून वर ह्ये नाव कोरलंय माझ्या वडलांनी. ही कोयरी त्यांची. आमच्या घरातल्या अडकित्त्यावर बी हाय."

ती खूण ओळखणारे तिथे एकटे तेच होते. चाप पुन्हा बसवून ते गप्प राहिले असते, तर वडिलांवर डाग आला नसता आणि मानकऱ्यांची मर्जीही राहिली असती. जयवंतराव रायफल तिथेच टाकून तडक निघून गेले.

गोष्ट शिकलगारांच्या गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. थोरले बंधू सिलेखान्याच्या दारात येऊन माझ्यादेखत म्हणाले, "इमाम, बापाचं नाव घालवलंस की."

इमामसाहेब म्हणाले, "भाईजान, त्या बंदुकीवर अब्बांचं नाव हुतंच कुठं? विलायती म्हटल्याबिगर कुणी घेत नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं नाव आत लपवलं. नळीतलं आटं बघा तरी."

त्यांनी नळी उजेडाकडे धरली. बंधूंनी आत पाहिले. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, टोकापर्यंत एकसारखे वळत गेले होते. बंधूही कसबी कारागीर. नळी त्यांनी किती तरी वेळ डोळ्यापासून हलवली नाही. शेवटी एवढेच म्हणाले, "हातानं केलंय ह्ये. हातानं."

काही दिवसांनी जयवंतराव परत आले. राग गेलेला नव्हता, पण विचार झालेला होता. "नजर तर करणारच," ते म्हणाले. "पर खरं सांगून. काय लिवायचं ते तुम्ही सांगा." रायफल दरबारात गेली आणि सिलेखान्यात परतली ती इमामसाहेबांच्या वडिलांच्या नावाची पितळी पाटी घेऊन: 'कोल्हापूरचे कारागीर बाबालाल शिकलगार यांनी घडविली.' त्या पाटीची अक्षरे रेखायचा मान इमामसाहेबांनी मला दिला. माझ्या हातून आजवर झालेल्या कामांत मी ते सर्वांत वर धरतो.

बाहेरून करडे वाटणारे हे गृहस्थ आतून किती मऊ आहेत, ते माझ्या आईला विचारावे. तिला जोतिबाला जायचे होते आणि गुडघे साथ देत नव्हते. इमामसाहेब स्वतःची बैलगाडी घेऊन दारात उभे राहिले, डोंगरावर आले, आणि परतताना त्यांच्या पांढऱ्या दाढीला गुलाल लागला होता. "असू दे," म्हणाले, "म्हातारीनं लावलाय."

विलायती नावापुढे मान तुकवायची सवय आम्हा साऱ्यांना लागली आहे. आमच्याच गावात काय घडू शकते, हे इमामसाहेबांनी आम्हांला स्वतःच्या घराची झाकली मूठ उघडून दाखवले. कोल्हापूरकर म्हणून मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला मिळाले याचा त्याहून अधिक.

जोतिबाने आणि त्यांच्या अल्लाने मिळून त्यांना उदंड, निरोगी आयुष्य द्यावे. त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, हात स्थिर राहोत, आणि पंचाहत्तरीचा लेख माझ्याकडून वाचून घेताना त्यातल्या चुका त्यांनी स्वतःच काढाव्यात.