गाळायचं लुगडं

आमच्या गुंजवण्याकडच्या पावसात कडुनिंब नीट वाढत न्हाई. म्हणून बायको दर साली माहेराहून, कामथडीहून, निंबोळ्या यष्टीनं आणायची. वाळवायची, कुटायची, रातभर पाण्यात भिजत घालायची. सकाळी ते पाणी तिच्या जुन्या सुती लुगड्यातनं गाळायचं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. दोघांनी आपापल्या उजवीकडं पिळायचं. भाताला तुडतुड्यांची कीड लागली की हेच औषध. दुकानातली औषधाची बाटली तिनं घरात येऊ दिली न्हाई.

श्रावणात ती गेली. दहाव्याला माझ्या धाकट्या बहिणीनं तिची कापडं गाठोड्यात बांधून नदीला दिली. आमच्यात तसंच करत्यात. गोठ्यात खुंटीला गाळायचं लुगडं तेवढं राहिलं, हिरवट पडलेलं, कडू वासाचं.

भादव्यात खालच्या खाचरात भाताचं चूड फाकवून बघितलं, तर बुडाशी तुडतुडंच तुडतुडं. निंबोळ्या तिनंच वाळवून ठेवलेल्या. भिजवल्या. मच्छरदाणीतनं गाळलं तर चोथा खाली आला, फवारणीचा पंप तुंबला. धोतर घेतलं तर पाणीच उतरंना. मग खुंटीवरचं काढलं.

बहीण तवाच आली. मेल्या माणसाचं कापड घरात नको, असं तिचं पहिल्यापासनं.

"दादा, ते बी दे. वहिनीचा जीव अडकंल त्यात."

म्हणलं, "माझं भात अडकलंय. दुसरं टोक धर."

नाक मुरडलं, पण धरलं. आणि डावीकडं पिळाय लागली. बसलेला पीळ सुटला. मी डाफरलो, तर म्हणती, वहिनीनं मला कुठं शिकवलं? पुढं तिनं रागारागानं उजवीकडं असा पीळ दिला की लुगडं मधोमध फाटलं. निम्मं औषध शेणात गेलं.

उरलं ते वरच्या खाचराला पुरलं. खालच्यात आता गोल गोल जागा वाळत चालल्यात. लोक म्हणत्यात, बाटली आण. खालचं भात जाणार हे मलाबी दिसतंय, पण दुकानाकडं पाय वळत न्हाई.

बहिणीच्या साड्या सगळ्या नायलॉनच्या. तिनं भोरच्या बाजारातनं नवं सुती लुगडं आणून दिलं. घडी न मोडता ठेवलंय. नव्यातनं हे गळत न्हाई. बाईच्या अंगावर वरसानुवरसं झिजलं, म्हंजे कुठं ते मऊ पडतं.