खुर्ची विकणे आहे, दोषांसकट

सलूनकाकांना खोटं बोलता येत नसे, आणि त्याचा ताप साऱ्या घराला होता. टक्कल झाकेल असा कट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आरशातून सांगत, "कट होईल, टक्कल दिसणारच." तरी दुकान चाललं, कारण माणसं कुरकुरत का होईना, परत येत. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा काकांनी दुकान बंद केलं आणि आपली वरखाली होणारी लोखंडी खुर्ची घरी आणली. मागच्या खोलीत ती अशी ऐसपैस बसली की कपाटाचं एक दार उघडेना. त्यात सुनेला दिवस गेले. काकूंनी फर्मान काढलं, "पाळणा यायच्या आत ही गेली पाहिजे."

जुन्या वस्तू विकायच्या साइटवर मुलाने जाहिरात टाकली: ‘उत्तम स्थितीत, जवळजवळ नवी.’ ती वाचून काका भरल्या ताटावरून उठले.

"जवळजवळ नवी? अरे, तुझ्याहून मोठी आहे ती!"

मग स्वतःच एकेक अक्षर शोधत लिहायला बसले. डावा हात डुगडुगतो. फिरवली की कुरकुरते. मानेच्या उशीला आतून ठिगळ आहे. पाठ फार मागे टाकली तर गिऱ्हाईक घाबरतं.

मुलाने कपाळाला हात लावला. "बाबा, ही जाहिरात आहे की आरोपपत्र?"

गंमत म्हणजे फोन आला. नवं सलून काढणाऱ्या एका पोरीचा. "एवढं सांगणारा माणूस आणखी काय लपवणार?" म्हणत तिने खुर्ची न बघताच टेम्पो पाठवला. काका छाती फुगवून गल्लीभर फिरले. पाळणा आला, आणि पाठोपाठ त्यात झोपणारीही आली.

मग पोरीचा पुन्हा फोन आला. "काका, खुर्ची आपोआप खाली जाते. अर्धी दाढी होईपर्यंत गिऱ्हाईक माझ्या गुडघ्याशी! हे नाही लिहिलंत तुम्ही."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात त्यांना कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. "माझ्याकडे होती तोवर बोटभर खाली आली नाही!" असं ओरडून त्यांनी फोन ठेवला, चपला अडकवल्या आणि तडक तिचं सलून गाठलं.

पोरीचे वडील दाढीसाठी बसलेच होते. काकांनी वस्तरा घेतला, फेस लावला, दोन्ही गाल गुळगुळीत केले. खुर्ची जागची हलली नाही.

"बघितलंस? नाचता येईना, अंगण वाकडं!"

पोरगी खुर्चीकडे बघतच नव्हती. ती फरशीकडे बघत होती. "काका, पाय."

काकांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय खुर्ची वर उचलायच्या दांड्यावर होता. दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. खुर्ची मुंगीच्या पावलाने खाली येत होती आणि पाय तिला गुपचूप वर ढकलत होता. किती वर्षं, कुणास ठाऊक. एवढ्या खऱ्या माणसाच्या पायाने एकदाही चहाडी केली नव्हती.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो गं पोरी. पैसे परत घे, खुर्ची मी नेतो. पाळणा... स्वयंपाकघरात ठेवू कुठेतरी."

"खुर्ची मला हवीय हो काका. तेवढं तिचं खाली जाणं बंद करा."

दुसऱ्या दिवशी काका मेकॅनिकला धरूनच घेऊन आले आणि पदरमोड करून झिजलेलं वॉशर बदलून घेतलं. खात्री करायला पुन्हा वडीलच बसले. दाढी कालच झालेली, म्हणून मिशा कोरायच्या ठरल्या. काका रंगात आले आणि वडील हळूहळू वर जाऊ लागले. खुर्ची सुधारली होती, पण पायाला कोण सांगणार?

"अहो, पंखा! पंखा!" वडील ओरडले.

त्या संध्याकाळी काकूंनी मोबाइलवरून मोठ्याने वाचलं. पोरीने जाहिरातीखाली लिहिलं होतं: ‘विकणारा माणूस खरा. एक दोष सांगायचा राहिला, कारण तो त्यांनाच ठाऊक नव्हता. कळल्यावर आधी भांडले, मग दुरुस्त करून दिला.’

"भांडले कशाला लिहायचं?" काकू म्हणाल्या.

"भांडलो होतो ना. राहू दे," काका म्हणाले आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं. ते पाळण्याशेजारी स्टुलावर बसले होते.

"अहो, पाय थांबवा आता. नात कधीच झोपली."

काकांनी खाली पाहिलं. पाय पाळण्याच्या पट्टीवर होता, दाबत, सोडत. या खेपेला त्यांनी तो तसाच राहू दिला.