आमच्या कल्पनाताई सही करत नाहीत

वर्ध्यात आमचं ट्रान्सफॉर्मर रिपेअरचं वर्कशॉप. मी वाइंडिंगवर, म्हणजे तांब्याची तार गुंडाळायला. इथं किस्से जमायला मेहनत लागत नाही राजेहो, कल्पनाताई टेस्टिंग इंजिनीअर आहेत, तेवढं पुरतं!

*

ताईंच्या पहिल्याच आठवड्यात आमचे मालक, म्हणजे भाऊ, म्हणाले, "कल्पना, गाडी उभी हाय. टेस्ट मागून करजो, आधी रिपोर्टवर सही दे."

"अन् जळला त? सही तुमची लावू का?"

गाडी रिकामी गेली. भाऊ दोन दिवस फुगून होते.

*

एका पुढाऱ्याचा माणूस आला. "आमचा ट्रान्सफॉर्मर लवकर सोडा, नाई त साहेबांचा फोन येईन."

"येऊ द्या ना! फोननं डेल्टाचा स्टार होत नाई!"

*

डेल्टा अन् स्टार म्हणजे आतल्या वाइंडिंगची जोडणी. भाऊंनी एकदा डबा खाताना विचारलं, "एक डेल्टा-स्टार, एक स्टार-स्टार. दोघायचं व्होल्टेज सारखं. मंग सोबत जोडले त काय बिघडते?"

ताईंनी त्यांचं मनगट धरलं अन् घड्याळ एक तास मागं केलं. "व्होल्टेज सारखं, पण एकाच्या घड्याळात बारा, दुसऱ्याच्यात अकरा. जोडले की एकमेकांतच करंट ढकलतात अन् जळतात. समजलं?"

"समजलं. आता माह्यं घड्याळ नीट कर!"

*

आणि मग आर्वीकडची जिनिंग. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. शेठनं जुना स्टार-स्टार कुठून तरी आणून डेल्टा-स्टारच्या शेजारी बसवला होता. दोन्ही आजच सोबत चालू पाहिजेत, कापूस उघड्यावर पडलाय म्हणे!

गाडीतच भाऊंनी ताईंना बजावलं, "आज नाई म्हटलं त उद्यापासून येजो नको." मला असा राग आला! बाईचं घर त्या पगारावर चालतं.

ताईंनी दोन्हींवरच्या जोडणीच्या प्लेटा वाचल्या. "नाई जमणार, शेठ. जळून जाईन सगळं."

"जिनिंग माही हाय! माह्या जबाबदारीवर लावा!"

ताईंनी स्विचचं हँडल शेठच्या हातात दिलं. "मंग तुमीच लावा. आमी गेटाबाहेर उभे राहतो."

ताई निघाल्या. मी निघालो. मजूरही निघाले. शेठ हँडल धरून एकटेच उभे. मान वळवून पाहतात, तर गेटाबाहेर सगळ्यांच्या आधी पोचलेले आमचे भाऊ!

"भाऊ, तुमी काऊन बाहेर गेले?"

"आत रेंज नाई येत, शेठ!"